नावाने घातलेली हाळी

“हाळी कुणाच्या नावानं घालायची, तेवढं ठरवून टाका,” आमच्या ओट्यावर बसलेले फाळके गुरुजी म्हणाले.

मी दाराआड चहाच्या कपबश्या घेऊन उभी होते. पुढे जावं की मागे फिरावं, कळेना. माझे सासरे केरू शेलार, ज्यांना मी मामंजी म्हणायचे, ते तंबाखू मळायचे थांबले. सासूबाईंनी, म्हणजे आत्तींनी, उगाचच पदर सारखा केला. गुरुजी बिचारे छत्री मांडीवर आडवी धरून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. नवीन माणूस. आपण कुठल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय, ते त्यांना कुठून ठाऊक असणार!

आता सुट्टीचा निरोप मोबाईलवर येतो. जिल्ह्याच्या गावी कुणीतरी साहेब सही करतात आणि आमच्या वाडीतली पोरं अंथरुणातच कूस बदलतात. तेव्हा फोन सोडाच, वीजसुद्धा नव्हती. शाळा खाली मूळगावात, एक खोली आणि एक गुरुजी. पोरं यायची डोंगरातल्या वाड्यांवरून. ओढ्यांवर साकव नव्हते, त्यामुळे पाऊस चढला की शाळा बंद ठेवावीच लागायची. पण बंद आहे हे पोरांना कळायचं कधी, तर ओढ्याच्या काठावर पोचल्यावर. आदल्या वर्षी एका पोराचं दप्तर वाहून गेलं होतं आणि पोरगं दप्तरापाठोपाठ जाता जाता राहिलं होतं. गुरुजींनी आल्याआल्या ते ऐकलं आणि मनाला लावून घेतलं. मृग लागायच्या आधीच ते एकेक वाडी पायाखाली घालत फिरले आणि त्यांनी हाळीची साखळी बांधली.

“निशाण लावावं तर धुक्यात दिसत नाही,” ते मामंजींना समजावत होते. “रुळाचा तुकडा बडवावा तर आवाज डोंगर ओलांडत नाही. मग राहिला माणसाचा गळा. मी कुंभारवाडीला सांगणार, तिथला राघू टेकडावरून तुम्हाला हाळी घालणार, आणि तुमच्या खळ्यावरून ती दरीपलीकडं कडेवाडीला जाणार. पण नुसतं ‘शाळा बंद’ ओरडायचं नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, दुसऱ्या कुणाला सांगतायत. नाव घ्यायचं. आणि पलीकडून ‘कळ्ळं’ आल्याशिवाय खळं सोडायचं नाही. कडेवाडीत अगदी कडेला एक घर दिसतं, ते कुणाचं?”

ते घर येसू शेलारांचं. मामंजींचे सख्खे थोरले भाऊ.

दोघा भावांचा अबोला होता आणि तो माझ्या लग्नापासून होता. मांडवात टोपी-टॉवेलाचा मान आधी पोलीस पाटलाला गेला आणि मग थोरल्या भावाला. एवढंच. येसूमामंजी भरल्या पंगतीतून उठून गेले. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांचं नाव म्हणून तोंडातून काढलं नाही. बाजारात समोरासमोर आले तर एक जण चप्पल झाडायला वाकायचा आणि दुसरा आभाळाकडे बघायचा. नवरा मुंबईला गिरणीत, आणि इकडे त्या घरात भांडणाची आठवण म्हणून मी वावरत होते. कुठे काही बिनसलं की आत्ती म्हणायच्या, “तुझ्या लग्नापास्नं सगळं इस्कटलं बघ.” जशी काही मीच टोपी वाटत फिरत होते.

“करू की गुरुजी,” मामंजी अखेर म्हणाले. “शाळेचं काम हाय. न्हाय कसं म्हनू?”

गुरुजींच्या देखत नाही म्हणणं त्यांच्या इभ्रतीला परवडणारं नव्हतं. गुरुजी पाठमोरे झाले तशी ते तंबाखूची चिमूट तोंडात टाकत म्हणाले, “माजा आवाज त्या अंगाला जायचा न्हाय. बघू. पाऊस तर पडू द्या.”

गुरुजींनी रंगीत तालीमसुद्धा घेतली. लख्ख ऊन होतं. मामंजी खळ्याच्या टोकाला उभे राहिले, छाती भरून घेतली आणि ओरडले, “आरं एऽऽ कडेवाडीऽऽ!” पलीकडे कुणीतरी गुरं चारत होता, त्यानं “ओऽऽ” दिली. गुरुजी खूश. नाव राहून गेलंय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आमच्या सगळ्यांच्या आलं होतं, पण आम्ही सगळेच मूग गिळून बसलो.

आषाढात दोनदा शाळा बंद ठेवायची पाळी आली. दोन्ही वेळा मामंजींनी शेजारच्या बबनला पुढे केलं. बबनला कुणाचंच नाव घ्यायला लाज वाटत नसे. नागपंचमी झाली आणि बबन मुंबईला गेला. त्याच्यामागे हाळीचं काय, हा विषय घरात कुणी काढला नाही.

मला काळजी होती ती हौशीची. हौशी म्हणजे येसूमामंजींची नात. कडेवाडीची पोरं शाळेला निघाली की दरी उतरून, ओढा ओलांडून आमच्या खळ्याजवळून जायची. त्यांच्यात ही सगळ्यात पुढे, धाकट्यांना हाताशी धरून. आमच्याशी बोलायचं नाही अशी तिला घरून ताकीद होती. ती पाळायची बिचारी. पण मी करवंदं, नाहीतर गुळाचा खडा पुढे केला की घ्यायची आणि न बोलता असं तोंडभर हसायची की माझा दिवस बरा जायचा. आमच्या घरात मला बघून हसणारं होतं कोण?

नागपंचमीनंतरची ती सकाळ. रात्रभर पाऊस नुसता कोसळला होता. उजाडलं तरी धुक्यात समोरचा फणस दिसत नव्हता. त्या दिवशी शाळेची तपासणी होती, साहेब येणार होते. गुरुजींनी आदल्या दिवशी पोरांना बजावून ठेवलं होतं, काही झालं तरी या, स्वच्छ कपडे घालून या. मी हे पोरांच्याच तोंडून ऐकलं होतं.

आम्ही चुलीपुढे होतो तेवढ्यात कुंभारवाडीकडून राघूची हाळी आली. “केरूऽऽ! केरू शेलाऽऽर! शाळा बंऽऽद!”

मामंजी बाहेर गेले. “कळ्ळंऽऽ!” म्हणून खणखणीत उत्तर दिलं. परत आले, इरलं भिंतीला टेकवलं आणि शेकत बसले.

मी आत्तींकडे पाहिलं. आत्तींनी चुलीत लाकूड सारलं.

“मामंजी,” मी म्हटलं, “कडेवाडीला सांगायचं ऱ्हायलं.”

“पाऊस काय त्यांच्याकडं पडत न्हाय व्हय? दिसतंय त्यास्नी. येत न्हाईत पोरं.”

“येतील. आज तपासनी हाय. वरनं ओढा दिसत न्हाय त्यास्नी, खाली उतरल्याबगार कळत न्हाय.”

“मग कळंल उतरल्यावर. फिरत्याल माघारी.”

“आन् न्हाय फिरली तर?”

त्यांनी हात जाळापुढे धरले. मी आत्तींजवळ सरकले. “आत्ती, तुमी तरी घाला हाळी.”

“मी?” आत्ती दबक्या आवाजात म्हणाल्या. “भावजींचं नाव घ्यू मी? इतकी वरसं न्हाय घेतलं ते आता डोंगरावरनं वराडू?”

त्यांचंही खरं होतं. नवऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव घेणारी बाई आमच्याकडे तेव्हा जन्माला यायची होती. आणि मी तर सून. सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर गेला की गावभर व्हायचं. पण माझ्या डोळ्यांसमोरून हौशी हलेना. मी भिंतीचं इरलं उचललं, डोक्यावर घेतलं आणि खळ्यावर गेले.

“शेवंते!” आत्ती मागून आल्या. “अगं, कुठं निगालीस?”

आधी मी नुसतंच ओरडले, “ओऽऽ कडेवाडीऽऽ!” पाऊस सगळं गिळून टाकत होता. पलीकडून काहीच नाही. मग ओरडले, “थोरलं मामंजीऽऽ!” माझं मलाच हसू आलं. दरीच्या पलीकडे थोरले मामंजी घरटी एक असतील, त्यातल्या कुणी ओ द्यायची? मी वाट पाहिली. मग डोळे मिटून घेतले आणि पोटातून आवाज काढला.

“येसूऽऽ! येसू शेलाऽऽर! शाळा बंऽऽद! पोरं धाडू नगाऽऽ!”

मागे आत्तींनी तोंडाला पदर लावला. शेजारच्या घरातून दोन डोकी बाहेर आली. माझे कान तापले, पावसातसुद्धा तापले. चुलत सासऱ्याला अरे-तुरेने हाक मारणारी सून! एकदा मारली ती मारली म्हणून मी पुन्हा मारली, तिसऱ्यांदा मारली. गळा फाटायला आला. वारा आमच्याकडून पलीकडे वाहत होता, हाक जायला हवी होती. पण ‘कळ्ळं’ काही येईना.

गुरुजींचा नियम सांगत होता, खळं सोडायचं नाही. माझा जीव सांगत होता, खाली पळ. मी पळाले.

पायवाट कसली, ती वाट म्हणजे दुसरा ओढाच झाली होती. दोनदा घसरून पडले, इरलं कुठे उडालं ते कळलं नाही. खाली पोचले तर ओढा लाल होऊन फुगलेला. पोरं ज्यांवर पाय टाकत यायची ते दगड पार बुडाले होते, आणि पलीकडच्या काठावर पोरं उभी. धुतलेले कपडे, डोक्यावर पोत्याच्या खोळी, पाट्या छातीशी. पुढे हौशी, हातात काठी. काठीने पाण्याचा ठाव घेत होती.

“माघारी फिराऽऽ!” मी ओरडले. पाण्याच्या गडगडाटात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी दोन्ही हात जोरजोरात हलवले, जा, जा, मागे जा. हौशीने मला पाहिलं आणि नेहमीसारखी तोंडभर हसली. तिला वाटलं, काकू बोलावतेय. काकू उभी आहे म्हणजे भ्यायचं कारण नाही. तिने परकर वर खोचला, मागच्या पोराचा हात धरला आणि पाण्यात पाय टाकला.

मी आणखी हात हलवले. ती आणखी एक पाऊल पुढे आली. पाणी तिच्या गुडघ्यांना लागलं आणि काठी वाकली.

मी खाली वाकून दगड उचलला आणि मारला.

पहिला तिच्या पुढ्यात पाण्यात पडला. तिला कळेना. ती माझ्याकडे बघत राहिली, हसू अजून तोंडावर तसंच. दुसरा मारला. तिसरा तिच्या नडगीवर बसला. ती किंचाळली असावी, तोंड उघडलेलं मला दिसलं. मग ती मागे सरली, काठावर चढली आणि सगळी पोरं घाबरून एकमेकांना ओढत वर पळत सुटली. ती धुक्यात दिसेनाशी होईतो मी दगड मारतच होते. मग तिथेच बसले आणि खूप रडले. ते हसू माझ्या हातांनी पुसलं होतं.

पाऊस उघडला तशी बातमी ओढा ओलांडून आली. केरूच्या सुनेनं येसूच्या नातवंडांवर दगडं घातली. आमच्या वाडीतल्या बायका पाणवठ्यावर मला बघून गप्प व्हायच्या, आणि मी पुढे गेले की मागून बारीक आवाजात हाळी यायची, “येसूऽऽ!” आणि खिदळणं. मी मान खाली घालून घागर भरायचे. मामंजी जेवताना माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटत होतं, हा माणूस एकदा तरी म्हणेल, चूक माझी होती पोरी. तो भाकरी मोडून खात होता.

रविवारी शाळेच्या पडवीत बैठक बसली. येसूमामंजी कडेवाडीची दोन वडीलधारी माणसं घेऊन आले होते. सोबत हौशी, नडगीला हळदीची पट्टी. मला बघताच ती आजोबांच्या धोतराआड गेली. त्या दिवशी जे जे झालं, त्यात मला सगळ्यात जास्त ते लागलं.

“आमचं भांडान आमच्यापाशी,” येसूमामंजी गुरुजींकडे तोंड करून म्हणाले. “पर लेकरांवर दगडं? हे कुटलं वागनं?”

गुरुजी माझ्याकडे वळले. “काय झालं होतं, शेवंताबाई?”

“पान्यात उतरत हुती,” मी म्हटलं. माझा आवाज कुठल्या कुठे गेला होता. “आवाज पोचंना. म्हनून.”

“पण ती निघालीच कशी?” गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. “केरूअण्णा, हाळी घातली होती ना तुम्ही?”

आत्तींनी जमिनीकडे पाहिलं. मी मामंजींकडे. आता बोलतील. आता बोलावंच लागेल.

“घातली की,” मामंजी म्हणाले. “वाऱ्यानं गेली नसंल पलीकडं.”

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. माझ्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी. पांढऱ्या मिशांचा माणूस, गावात चार लोक ज्याला विचारून पेरा करायचे, तो दिवसाढवळ्या गुरुजींच्या तोंडावर खोटं बोलला होता.

“तुम्हाला ऐकू आली होती का हाळी?” गुरुजींनी येसूमामंजींना विचारलं.

“न्हाय बा. आली असती तर पोरं धाडली असती का मी?”

मग माझ्या ध्यानात आलं, नावाने हाक मारल्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. मला वाटलं, एवढी बोंब आमच्या वाडीत झाली, पलीकडे खरंच काही गेलं नसणार. नाहीतर हा माणूस आधी त्यावरच उठला असता.

कडेवाडीचा एक म्हातारा म्हणाला, “ते वारं-बिरं ऱ्हाऊ द्या. पोरीला लागलंय, त्याचं काय?”

तेव्हा मामंजी उठले. दोन पावलं पुढे गेले. या वेळी त्यांच्या आवाजात खोटं काही नव्हतं.

“दादा,” ते म्हणाले. “पोर हाय. चुकली. तुजी बी सूनच हाय ती. पाया पडंल तुज्या.”

दादा! लग्नापासून न निघालेला शब्द. सगळी पडवी हलली. येसूमामंजींचे डोळे भरले. आत्तींनी तर हुंदकाच दिला. गुरुजी चष्मा काढून पुसायला लागले. अबोला सुटला होता आणि तो माझ्या माथ्यावर पाय ठेवून सुटला होता. आता मी तोंड उघडलं असतं तर दोन्ही घरांनी मला जन्मभर ऐकवलं असतं, की जुळत आलेलं हिनं मोडलं. आत्तींनी मला कोपराने ढोसलं. “जा.”

मी गेले. डोक्यावरचा पदर सावरला आणि येसूमामंजींच्या पायांशी वाकले. त्यांच्या पायांची बोटं आत वळली, जशी चिखलात रोवतात तशी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग ते वाकले, इतके की त्यांच्या तोंडाचा तंबाखूचा वास मला आला.

“ऐकू आलं हुतं गं पोरी,” ते माझ्यापुरतं म्हणाले. “तिन्ही येळंला. पोरं नुकतीच उतरली हुती. केरू सोता हाक मारंल म्हनून मी दारात बसून ऱ्हायलो.”

मी वाकलेलीच राहिले. उठायचं कसं, कुणाच्या तोंडाकडे बघायचं, कळेना. कुणाकुणाची म्हणून लाज मी एकटीने धरायची होती? शेवटी उठले.

“काय म्हणाले हो?” गुरुजींनी कौतुकाने विचारलं.

मी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली. येसूमामंजींकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. हौशी त्यांच्या मागून डोकावत होती, एका डोळ्याने.

“आशीर्वाद दिला,” मी म्हटलं.

सगळ्यांनी समाधानाने माना डोलावल्या आणि गुरुजींनी चहा सांगितला.